यंत्राच्या हाती लेखणी

पोलादपूरहून महाडकडे वाहणाऱ्या सावित्रीचे वळण यंत्राच्या हाताने कागदावर रेखाटावयाचे आहे, असे समजा. हात अचूक फिरतो. परंतु लेखणी त्यात घट्ट आवळली, तर रेघ बिघडते. सपाट दिसणारा कागदही कोठे केसभर उंच, कोठे सखल असतो. उंचवट्यावर टोक रुतते, खळग्यावर अधांतरी राहते, आणि नदी मध्येच आटते! माणसाची बोटे हा फरक नकळत सांभाळतात. यंत्राला ती सोय करून द्यावी लागते. म्हणून लेखणी नळीत वरखाली सरकेल, पण बाजूला डुलणार नाही, अशी बसवितात. ती स्वतःच्या भारानेच कागदावर टेकते. महाडजवळ सावित्रीस मिळणारी गांधारी काढावयाची झाली, की लहानशी मोटर लेखणीला उचलते आणि नव्या जागी अलगद सोडते. दाबीत मात्र नाही.