हस्ताचा पाऊस आणि जुना हार्वेस्टर

हस्त नक्षत्र लागले की आपल्याकडे सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी तीननंतर गडगडाट, हे ठरलेलेच. हळवे भात नेमके याच दिवसांत पिवळे पडते. सकाळी दहा-साडेदहापर्यंत लोंबीवरचे दव हटत नाही आणि तीन वाजता सह्याद्रीकडून ढग उतरतात. मधल्या साडेचार-पाच तासांत जेवढे कापून, मळून, झाकून होईल तेवढेच घरात आले म्हणायचे. ऑक्टोबर 2019 च्या अखेरीस क्यार वादळ रत्नागिरीसमोरच्या समुद्रात होते, तेव्हा कापून पसरलेल्या भाताला वाफ्यातच मोड आले. त्याच्या दहा वर्षे आधी, नोव्हेंबर 2009 मध्ये, फयानने असाच हात मारला होता. कापणीला माणूस मिळत नाही हे दुखणे वेगळेच. म्हणून रबरी ट्रॅकवर चालणारे, बहुतेक वेळा सेकंडहँड घेतलेले छोटे हार्वेस्टर आता आपल्याकडच्या काही गावांतही फिरू लागले आहेत.

अशा यंत्राचा मालक सप्टेंबरात भेटला की पहिला प्रश्न इंजिनाचा करतो. दोन वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यात नदीकाठच्या एका मळीत गेलो होतो. यंत्र दर वीस मिनिटांनी धाप लागल्यासारखे थांबत होते. मालक म्हणाले, "इंजिनात दमच नाय ऱ्हायला, साहेब. नवा पंप बसवू काय?" बाजूचा पत्रा उघडला. ड्रमचा बेल्ट आतल्या बाजूने काचेसारखा चकाकत होता आणि जळक्या रबराचा वास येत होता. पुलीवर तो नुसता घसरत होता. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर होते, ड्रम मात्र अर्धवट फिरत होता. त्यात कोरड्या दिवसाचे भात कसेबसे निघाले असते, पण ओला पेंढा गुंडाळून बसला. बेल्ट बदलले, कटरबारच्या सैल पट्ट्या आवळल्या. संध्याकाळपर्यंत यंत्र एकदाच थांबले, तेही डिझेल संपले म्हणून.

सांगायचे ते एवढेच, की जुन्या यंत्रात जास्तीची ताकद घालायच्या भानगडीत पडू नका. ओला पेंढा ज्या ज्या जागेतून जातो तिथे पैसे घाला. तो जातो कटरबार, ओढणारी चेन, ड्रम, जाळी आणि चाळण या वाटेने. त्याच क्रमाने पाहत जा.

कटरबारची पाती दातेरी असतात. दाते झिजले की पाते कापण्याऐवजी दाबते आणि ओली काडी पाते व बोट यांच्या फटीत दुमडून बसते. हाताने पाते वर-खाली हलवून पाहा. खडखडले तर वरची पट्टी सैल आहे. पाती एका टोकाला पोचली की प्रत्येक पात्याची मधली रेघ बोटाच्या मधोमध आली पाहिजे. येत नसेल तर कितीही धार लावा, फरक पडणार नाही. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, जांभा दगड. बांधाची कड ढासळून आलेला मूठभर खडा तीन-चार पाती एकदम उडवतो. म्हणून कापणीच्या आदल्या दिवशी बांधालगत एक फेरी मारून खडे उचला. आणि दहा-बारा सुटी पाती, रिव्हेट व हातोडी यंत्रावरच ठेवा. ऐन कापणीत चिपळूणच्या बाजारात जाऊन येईपर्यंत तीन वाजलेले असतात.

आडव्या पडलेल्या भातासाठी बोटांवर बसणारे लांब उचलणी काटे मिळतात. जुन्या यंत्रावर करण्यासारखी याहून स्वस्त आणि उपयोगी सुधारणा मला तरी माहीत नाही. सोबत रील पुढे आणि खाली घ्यावे, त्याच्या बोटांचा कल थोडा मागे ठेवावा आणि रीलचा वेग यंत्राच्या चालीपेक्षा जरासाच जास्त असावा. फार वेगाने फिरणारे रील पिकलेल्या लोंब्या झोडून दाणे खाली पाडते. भात ज्या बाजूला कलले असेल त्याच्या समोरून, म्हणजे लोंब्या यंत्राच्या तोंडाकडे येतील असे कापायचे. एकाच दिशेने कापून परत येताना रिकामे यायचे. डिझेल जास्त जाते, कबूल. पण लोंब्या चिखलात तुडवण्यापेक्षा ते परवडते.

ड्रमच्या खुंट्या ज्या बाजूने भाताला भिडतात त्या बाजूने गोल होतात. दोन्ही बाजू सारख्या असतील तर उलट्या फिरवून आणखी एक हंगाम निघतो. बदलायच्या असतील तर समोरासमोरची जोडी एकदम बदला आणि वजन सारखे आहे ना ते किराणा दुकानाच्या काट्यावर पाहा. एकच जड खुंटी बसली तर बेअरिंग दसऱ्याला बसवले की दिवाळीला आवाज करू लागते. ड्रमखालच्या जाळीत ओला कोंडा चिखलासारखा थापला जातो. काही चालक अशा वेळी जाळी ड्रमच्या आणखी जवळ घेतात. उलट परिणाम होतो: पेंढ्याचा लगदा होतो, दाणा फुटतो आणि चाळणीवर नुसती भाजी पडते. जाळी थोडी लांब ठेवून सुरुवात करा. लोंबीत दाणे राहताहेत असे दिसले तरच जवळ घ्या.

नवशिक्या चालकाची सर्वांत महाग चूक मात्र वेगळीच. भात ओले दिसले की तो घाबरून ॲक्सिलरेटर कमी करतो. त्याने ड्रम, पंखा, चाळण सगळेच मंदावते आणि यंत्र तुंबते. इंजिन नेहमी पूर्ण फेऱ्यांवर ठेवा, कमी करायची ती चाल. खालचा गिअर टाका, कटरबारची निम्मीच रुंदी भरा आणि कापणी थोडी वरून करा, म्हणजे हिरवा बुडखा आत जात नाही. जिथे दोन-तीन बेल्ट एकाच पुलीवर असतील तिथे एक नवा, दोन जुने असे करू नका. सगळे ओझे त्या एकट्या नव्यावर येते.

यंत्र भात सांडते की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते. एक-एक मीटरच्या चार काठ्यांची चौकट करा. यंत्र पुढे गेल्यावर मागे पडलेला पेंढा झटकून बाजूला करा आणि चौकटीतले दाणे मोजा. न कापलेल्या भातातही एकदा चौकट ठेवून आधीच गळलेले दाणे त्यातून वजा करा. मध्यम भाताचे साधारण 40 दाणे म्हणजे एक ग्रॅम. चौरस मीटरला 400 दाणे निघाले तर एकरी 40 किलो भात मातीत गेले. यंत्राच्या मागे मधोमध आणि दोन्ही कडांना अशा तीन जागी मोजा, कारण चाळणीवरून उडालेले दाणे मधल्या पट्ट्यात जास्त सापडतात. हे काम अर्ध्या तासाचे आहे. पंख्याचा वारा जास्त आहे की यंत्राची चाल, हे त्यातून कळते.

ट्रॅकवर खर्च करावा का, असे मला हमखास विचारतात. रबराचे उंचवटे निम्म्याहून जास्त झिजले असतील तर चिखलात यंत्र जागीच गरगरते आणि तळ टेकते. ट्रॅक सैल असेल तर वळताना उतरतो आणि फार ताणला तर रोलर खातो. यंत्राच्या पुस्तकात दिलेला ढिलेपणा पट्टी लावून मोजा. ट्रॅक, रोलर आणि दातेचाक तिन्ही एकदम गेले असतील तर हिशेब मांडा. इतक्या पैशांत हंगामभर दुसऱ्याचे यंत्र तासावर आणता येते का? येत असेल तर खुशाल आणा. यंत्राच्या लोभापायी मी लोकांना गोठ्यातली म्हैस विकताना पाहिले आहे. डांबरी रस्त्यावरून किंवा कातळावरून ट्रॅक चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला.

आणि अर्धी दुरुस्ती यंत्राची नसून शेताची असते. कापणीच्या दहा-बारा दिवस आधी बांधाला खाच पाडून पाणी सोडा. पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर यंत्र उतरवू नका. चारही कोपरे विळ्याने आधीच मोकळे करा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा या कामाला हलका पडतो. उतारावरची दोन-तीन गुंठ्यांची कुणगी ज्यांची आहेत त्यांनी हार्वेस्टरचा नाद सोडावा. तिथे ब्रश कटर आणि मळणीयंत्र हीच जोडी बरी. चालता रीपर आडव्या भातात कामाचा नाही हेही लक्षात ठेवा.

पेंढ्याचे काय? भारतात मिळणाऱ्या बहुतेक हार्वेस्टरमध्ये अख्खी काडी ड्रममधून जाते आणि मोडते. गुरांना ती चालते, पण हापूसची आढी घालायला किंवा पेटीत थर द्यायला लांब, स्वच्छ पेंढाच लागतो. ज्यांची कलमे आहेत त्यांनी दोन चांगले वाफे हाताने कापण्यासाठी राखावेत. एप्रिलमध्ये पेंढा विकत घ्यायची वेळ आली की आठवण होतेच.

लोंबीतले 80 ते 85 टक्के दाणे पिवळे झाले की कापणीला लागा. त्या वेळी दाण्यात 20 ते 22 टक्के ओल असते. असे भात रात्रभर पोत्यात राहिले तर सकाळी हात घातल्यावर गरम लागते, वासही बदलतो. त्याच संध्याकाळी ताडपत्रीवर दोन-तीन इंच थरात पसरा, दुसऱ्या दिवसापासून दर तासाला हलवा. साठवणीसाठी ओल 14 टक्क्यांवर यायला हवी. 22 टक्क्यांचे 100 किलो भात 14 वर आले की सुमारे 91 किलो भरते. वजनाचा काटा चोर नाही, पाणी गेले. बियाण्याचे भात असेल तर एका वाणावरून दुसऱ्या वाणाकडे जाताना टाकी आणि एलिव्हेटर झाडून घ्या आणि पहिली दोन पोती वेगळी ठेवा.

तुंबलेला ड्रम मोकळा करताना इंजिन बंद आणि किल्ली स्वतःच्या खिशात. घाईत मी एकदा किल्ली तशीच सोडली होती. शेजारच्या पोराने गंमत म्हणून फिरवली. माझा हात नुकताच बाहेर आला होता.

हंगाम संपला की समुद्राकडच्या खाऱ्या हवेत पाती महिन्याभरात तांबडी होतात, म्हणून त्यांना जुने इंजिन ऑइल चोपडा आणि सगळे बेल्ट सैल करून ठेवा. एलिव्हेटरचे तळझाकण उघडून आतले भात नक्की काढा. तिथे राहिलेल्या ओंजळभर दाण्यांसाठी उंदीर येतात आणि दाणे संपले की वायरी कुरतडतात.