पेटीचा सराव

गावचा पेटीवाला थकला, की सप्ताहाला परगावचा माणूस आणावा लागतो. तुम्ही का शिकू नये? वय झाले म्हणता. पण बोटे शिकतात, त्यांना रोज काम द्यावे लागते. एकादशीला दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बरी. सकाळी धार काढून झाली, चहा व्हायचाय, तेवढ्यात बसा. सुगीत पाचच मिनिटे मिळतील, चालेल. खाडा मात्र नको.

पेटी माळ्यावर ठेवू नका, हाताशी ठेवा. (उंदरांपासून जपा, भाता कुरतडतात.)

डाव्या हाताने भाता हलवा, उजव्याने पट्ट्या दाबा. पांढरी एकला सा धरा, म्हणजे सात शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. उरलेले पाच काळ्यांवर. आधी सावकाश चढा, मग उतरा. बोट चुकले, तर तेवढाच तुकडा पुन्हा वाजवा.