जुन्या जीपचे ब्रेक-पेडल खाली का बसते?

गाडीचा ब्रेक एकाएकी गेला असे आपण म्हणतो. परंतु बहुधा तो पुष्कळ दिवस आधीपासून सूचना देत असतो. पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागते, पायाला मऊ लागते, किंवा दाबून धरले असता हळूहळू खाली बसते. या सूचनेकडे काणाडोळा करून धान्याची पोती व माणसे घेऊन घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. मुंबईत पूर्वी जीपची जोडणी होत असे. त्या जुन्या बांधणीच्या गाड्या अद्याप काही शेतांवर राबताना दिसतात. त्यांच्या ब्रेकची परीक्षा मालकास स्वतः कशी करता येईल, हे येथे सांगितले आहे.

रचना

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो व तेलावर दाब पडतो. द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणून तो नळ्यांतून चारही चाकांच्या लहान सिलिंडरांत जातो आणि ब्रेक-शू ड्रमवर घट्ट बसतात. तेल दाबाने आकुंचन पावत नाही, परंतु हवा व वाफ आकुंचन पावतात. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो. त्यामुळे एका चाकाजवळ मोठी गळती झाली, तरी चारही चाकांचा ब्रेक जातो.

परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली दगड लावावेत व इंजिन बंद ठेवावे. नंतर पेडल दाबून पुढील लक्षणे पाहावीत.

1. पहिल्या दाबात पेडल खोल जाते, परंतु लागोपाठ दुसऱ्या दाबात वर येऊन कठीण लागते. अशा वेळी लायनर झिजल्यामुळे शू व ड्रम यांतील अंतर वाढले असण्याचा संभव अधिक. चाक उचलून शू ड्रमला घासेपर्यंत जुळवणी करावी व चाक मोकळे फिरेल इतकीच ती मागे घ्यावी. लायनर फार झिजले असल्यास ते बदलावेत.

2. पेडल रबरी चेंडू दाबल्यासारखे लागते. पुनःपुन्हा दाबल्यास थोडे वर येते, परंतु लवचिकपणा जात नाही. नळ्यांत हवा शिरल्याचे हे लक्षण आहे. क्वचित जुना रबरी होज दाबाने फुगत असल्यासही असेच लागते. म्हणून दुसऱ्याकडून पेडल दाबवून होजकडे लक्ष द्यावे.

3. पेडल आरंभी कठीण लागते, परंतु दाबून धरले असता खाली जाते. तेल कोठेतरी निसटत आहे. ही परीक्षा एकदा हलक्या पायाने व एकदा जोराने, प्रत्येकी सुमारे एक मिनिट करावी. झिजलेला रबरी कप जोराच्या दाबाने कधीकधी सिलिंडरला घट्ट चिकटतो आणि हलक्या दाबातच दोष उघड होतो.

तेल कोठे जाते?

प्रथम मास्टर सिलिंडरच्या टाकीतील पातळी पाहावी. जुन्या जीपमध्ये ती चालकाच्या पायाखालील फळीच्या खाली असते. झाकण काढण्यापूर्वी धूळ पुसावी. पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे. नळ्यांचे सांधे, होज, मास्टर सिलिंडर व चाकांची आतील बाजू तपासावी. चाकाजवळील ओल मागील आसाच्या तेलाचीही असू शकते. तिचा थेंब पाण्यात टाकावा: नेहमीचे ब्रेक-तेल पाण्यात मिसळते, आसाचे तेल तरंगते. ब्रेक-तेलाने भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नयेत; त्या आसावरील दोन्ही चाकांचे लायनर बदलावेत.

पातळी भरलेली, बाहेर कोठेही ओल नाही, आणि तरीही पेडल खाली बसते, या स्थितीत अनेकजण फसतात. येथे मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजलेला किंवा सिलिंडर आतून गंजलेला असतो. तेल कपाच्या कडेने मागे सरकून टाकीतच परतते, म्हणून पातळी उतरत नाही. अशा वेळी कितीही हवा काढली तरी गुण येत नाही. सिलिंडर उघडून पाहावा; आत खड्डे पडले असल्यास तो बदलणेच योग्य.

हवा काढताना

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. नाहीतर पुन्हा हवा शिरते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत नेल्यास कप सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतो आणि नवाच दोष उत्पन्न होतो. निघालेले तेल परत टाकीत ओतू नये.

गाडीस सांगितलेलेच तेल घालावे. इंजिनाचे वा अन्य खनिज तेल घातल्यास रबर फुगते व सारे कप बदलावे लागतात. रबरी भाग रॉकेल वा पेट्रोलने धुऊ नयेत. नेहमीचे ब्रेक-तेल हवेतील ओल शोषते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा 140 अंशांवर येते. लांब घाटात तेल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडते व गाडी निवल्यावर पूर्ववत होते. म्हणून सुमारे दोन वर्षांनी सर्व तेल बदलावे. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

रस्त्यात पेडल बसल्यास

पेडल भराभर दाबावे, खालचा गिअर टाकावा, हातब्रेक क्रमाक्रमाने ओढावा व इंजिन चालूच ठेवावे. हातब्रेकचा पायब्रेकच्या तेलाशी संबंध नसतो. म्हणून तो नेहमी नीट ठेवावा. गाडी थांबल्यावर केवळ तेल भरून पुढे जाऊ नये. ज्या वाटेने तेल गेले ती वाट अजून उघडीच आहे, हे ध्यानात ठेवावे. बाजाराचा एक दिवस चुकला तर माल दुसऱ्या दिवशी नेता येतो. गाडीतील माणसांविषयी तसे म्हणता येत नाही.