जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालंय? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी हे वाचा



सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली. पुढचे दोन महिने दारातली जुनी जीप, कमांडर, बोलेरो, पिकअप रोज पळणार. सकाळी मजूर घेऊन शेतात, संध्याकाळी कट्टे घेऊन मेहकरात. म्हणून आजचा संदेश पिकाचा नाही, गाडीचा आहे. थोडा लांब आहे, पण सवडीनं पूर्ण वाचा आणि घरात जो गाडी चालवतो त्याला पाठवा.

"स्टेअरिंग थोडं ढिलं आहे, पण सवय झाली," असं आपल्याकडं बरेच जण म्हणतात. सवय हाताला होते, गाडीला होत नाही. जानेफळच्या रस्त्यावर तीसच्या वेगानं खड्डे चुकवत चालताना ढिलं स्टेअरिंग निभावून जातं. तीच गाडी समृद्धीवर चढली की गोष्ट वेगळी. ताशी ८० किमी वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढं जाते. स्टेअरिंगचा रिकामा भाग फिरवून चाक वळेपर्यंत अर्धा सेकंद गेला तरी ११ मीटर गेले. मागं ताडपत्रीखाली दहा-बारा बाया-माणसं बसलेली असतील, तर त्या ११ मीटरचा हिशेब आधीच करायला हवा.

आधी तक्रार नेमकी काय आहे ते ओळखा, कारण सगळ्यालाच आपण "स्टेअरिंग खराब" म्हणतो. स्टेअरिंग काही अंतर रिकामं फिरतं आणि मग चाक वळतं, हा ढिलेपणा, मिस्त्री त्याला प्ले म्हणतात. स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी कधी डावीकडं, कधी उजवीकडं जाते आणि सारखी आवरत बसावी लागते, हे भरकटणं. एकाच बाजूला ओढते ते वेगळं. तिथं आधी हवा, मग ब्रेक जाम आहे का ते पाहा. आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं, ते बहुतेक चाकाच्या बॅलन्सिंगचं किंवा किंगपिनचं दुखणं. ढिलेपणा आणि भरकटणं अनेकदा सोबत येतात, पण प्रत्येक वेळी नाही. स्टेअरिंग टाइट असूनही गाडी भरकटू शकते.

आता मुद्द्याचं. गाडी गॅरेजला नेली आणि "स्टेअरिंग ढिलं आहे" एवढंच सांगितलं, की पुष्कळ ठिकाणी पहिला पाना स्टेअरिंग बॉक्सवरच्या स्क्रूला लागतो. पाच मिनिटांचं काम, स्टेअरिंग लगेच घट्ट लागतं, गिऱ्हाईक खूश. पण ढिलेपणा बॉक्सच्या आत नसेल आणि खाली टायरॉडच्या जोडात असेल, तर तो जोड तसाच ढिला राहिला. वर बॉक्स विनाकारण आवळला गेला, तो आतून लवकर घासणार. त्याहून वाईट म्हणजे जास्त आवळलेलं स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. राजूर घाटासारख्या वळणावळणाच्या उतारावर ते किती धोक्याचं आहे, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. म्हणून बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी. आधी ढिलेपणा कुठं आहे तो शोधायचा. हे शोधणं घरी होतं, त्याला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो.

सुरुवात टायरपासून करा, कारण यात खर्च नाही. गाडी थंड असताना चारही चाकांची हवा मोजा. पुढची दोन्ही सारखी पाहिजेत, आणि पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे पाहिजेत. एक नवा आणि एक गुळगुळीत, किंवा एक रेडियल आणि एक साधा, असं असेल तर गाडी भरकटणारच.

मग भार बघा. गाडी रिकामी नीट चालते आणि कट्टे भरल्यावरच पोहते, असं असेल तर दोष स्टेअरिंगचा नसून भरण्याचा आहे. मागच्या चाकांच्याही मागं वजन गेलं की गाडीचं तोंड उचललं जातं, पुढची चाकं जमिनीला हलकी टेकतात. कट्टे कॅबिनकडं सरकवून भरा आणि कमी भरा. आपल्याकडं अजून एक करतात. माल जास्त बसावा म्हणून मागच्या कमानीत एखादा पाटा वाढवतात. त्यानं मागून गाडी उंच होते, नाकाकडं झुकते, आणि पुढच्या चाकांचा मागं कललेला कोन कमी होतो. तो कोनच वळणानंतर गाडीला सरळ आणतो. सायकलचा पुढचा दांडा तिरका का असतो, तेच कारण. पाटा वाढवल्यापासून गाडी भरकटायला लागली असेल तर बाकी काही शोधत बसू नका, आधी तो पाटा.

आता प्ले मोजू. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला खडूनं खूण करा. पुढच्या टायरकडं बघत स्टेअरिंग हळू डावीकडं फिरवा, टायर हलणार तिथं थांबा. मग उजवीकडं तसंच. खूण मधे जेवढी सरकली तेवढा प्ले. पॉवर स्टेअरिंग असेल तर ही तपासणी इंजिन सुरू ठेवून करायची, नाहीतर उगाच जास्त दिसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको. जोडांवर रबरी टोप्या शाबूत हव्यात आणि बोल्ट-पिना निसटणार नाहीत अशा अडकवलेल्या हव्यात, हेही त्याच नियमात आहे. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. ४० सेंमी व्यासाच्या स्टेअरिंगवर कडेला ते दहा सेंमीहून थोडं जास्त भरतं. पण ही शेवटची मर्यादा आहे, चांगल्या गाडीचं लक्षण नाही. मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या रॅकच्या गाडीत दोन बोटांहून जास्त रिकामं फिरलं तरी तपासायला घ्या. बॉक्सवाल्या जुन्या जीपला थोडी जास्त सूट द्यावी लागते, एवढंच.

आता दोघांचं काम. एक जण वर बसून स्टेअरिंग तेवढ्याच रिकाम्या भागात हळूहळू डावं-उजवं हलवत राहील. दुसरा बाजूनं वाकून वरून खाली एकेक जोड पाहील. इंजिन सुरू असेल तर गाडीखाली शिरायचं नाही, आणि बोटं दोन लोखंडांच्या मधे घालायची नाहीत. क्रम असा ठेवा: स्टेअरिंगच्या दांड्याचा जोड, बॉक्स, बॉक्समधून खाली लोंबणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, मग टायरॉडची दोन्ही टोकं. ज्या जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून मग हलते, तिथं तुमचा ढिलेपणा आहे. डोळ्याला दिसला नाही तर जोडावर तळहात ठेवा, टक्क असं लागतं. आणि बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतो का, हे आवर्जून बघा. बोल्ट ढिले असतात, किंवा बोल्टांजवळ चेसिसलाच चीर गेलेली असते. पांदण रस्त्यानं वर्षानुवर्षे आदळलेल्या जीपमध्ये ही चीर चिखलाखाली लपते, म्हणून तो भाग आधी खरवडून साफ करा.

यानंतर पुढचं एक चाक उचला. पावसाळ्यानंतर आपल्या काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून खाली जाड फळी घ्या, शक्यतो सिमेंटच्या किंवा फरशीच्या जागेवरच करा. जॅकच्या भरवशावर राहू नका, चेसिसखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, त्या भारानं एकदम फुटतात. चाक वर आणि खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही हलतंच आहे, तर किंगपिनचं बुश गेलं, आणि किंगपिन नसलेल्या गाडीत बॉल जॉइंट गेला. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. फक्त या दिशेनं हललं तर बहुतेक टायरॉडचं टोक. ही चार-पाच हलवाहलवी नीट केली तर मिस्त्रीला "स्टेअरिंग ढिलं आहे" ऐवजी "डावीकडचा टायरॉड एंड गेला आहे" असं सांगता येतं, आणि गरज नसताना अख्खा बॉक्स बदलण्याचा खर्च टळतो.

कमानीकडं दुर्लक्ष करू नका. पुढच्या कमानीचे बुश, शॅकल, यू-बोल्ट ढिले असतील तर स्टेअरिंगचे सगळे जोड चांगले असूनही गाडी भरकटते, कारण अख्खा अ‍ॅक्सलच मागं-पुढं सरकतो. मागच्या कमानीचंही तेच. मधला बोल्ट तुटून मागचा अ‍ॅक्सल थोडा तिरपा झाला तर गाडी मागूनच वळायला लागते. मुख्य पाटा तुटलेला असेल तर गाडी उभी करा.

ग्रीसबद्दल थोडं. जुन्या जीपच्या किंगपिनला, काही गाड्यांच्या टायरॉडला ग्रीसचे निपल असतात. पावसाळा संपला की निपल पुसून, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरा. पाणी आणि माती बाहेर निघते. पण जो जोड झिजून ढिला झाला, त्यात ग्रीस भरून तो घट्ट होत नाही. आवाज फक्त दबतो.

दुरुस्ती करून घेताना काही गोष्टींवर ठाम राहा. स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग नको, तापवून सरळ करणं नको. वाकलेला टायरॉड बदलायचा. नटात स्प्लिट पिन नवी घालायची, तिच्या जागी खिळा किंवा तार चालणार नाही. तीच एक छोटी पिन नट निसटू देत नाही, आणि नट निसटला तर स्टेअरिंग हातात फिरतं पण चाक वळत नाही. टायरॉड एंड खोलताना जुना किती आटे आत होता ते मोजून नवा तेवढाच बसवा, आणि त्यानंतर अलाइनमेंट करूनच गाडी रस्त्यावर काढा. पुढची चाकं पुढून थोडी जरी उघडी राहिली तरी गाडी भरकटते, मग "नवा पार्ट टाकूनही फरक नाही" म्हणून पुन्हा बॉक्सकडं बोट जातं.

आणि आता बॉक्स. खालचं सगळं घट्ट आहे, तरी बॉक्सवरचा दांडा फिरतो आणि ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तेव्हाच दोष आतला. आधी तेल बघा. साध्या बॉक्सला साधारणपणे ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, पॉवर स्टेअरिंगला त्याचं वेगळं पातळ तेल, दोन्हीची अदलाबदल करू नका. तेल भरूनही प्ले असेल तर स्क्रू, तोही पुढची चाकं उचलून आणि स्टेअरिंग अगदी मध्यावर ठेवून. बॉक्स मुळातच मध्यावर सगळ्यात घट्ट असतो. वळलेल्या अवस्थेत आवळला तर सरळ येताना जाम होतो. लॉकनट ढिला करा, स्क्रू एका फेऱ्याचा आठवा भाग फिरवा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठंही अडकायला नको. नट आवळा, आणि मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात वळण घेऊन स्टेअरिंग आपोआप परत येतं का ते तपासा. येत नसेल तर स्क्रू थोडा परत सोडा. दोन वेळा करूनही प्ले राहिला तर आतले दाते किंवा बेअरिंग झिजले आहेत, मग बॉक्स खोलावाच लागेल.

रॅकच्या गाड्यांना हा बॉक्स नसतो. तिथं रॅकच्या दोन्ही बाजूंची रबरी घडीची टोपी फाटली का ते पाहा. फाटलेल्या टोपीतून धूळ-पाणी आत गेलं की आतला जोड आणि रॅकचं बुश लवकर जातं. टोपी वेळेवर बदलली तर रॅक वाचतो.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एवढंच: चाक उचलून आणि जोडावर हात ठेवून करायची तपासणी तुम्हालाही तशीच लागू आहे. ट्रॉली भरल्यावर पुढचं तोंड हलकं होत असेल तर पुढं वजन लावा किंवा ट्रॉली कमी भरा. समृद्धीवर ट्रॅक्टर आणि दुचाकीला मनाईच आहे, तो प्रश्न नाही. पण डोणगाव-मेहकर-सुलतानपूर या जुन्या रस्त्यावर रात्री तुम्ही आणि ट्रक समोरासमोर असता.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच. यंदा धुण्याच्या आदल्या दिवशी ही तपासणी करा, कारण धुतल्यावर गळलेल्या तेलाचे आणि ताज्या गंजाचे माग पुसले जातात, आणि ढिला जोड कुठं आहे हे तेच माग आधी दाखवतात.

काही अडलं तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. गाडीचं मॉडेल आणि साल, स्टेअरिंग किती बोटं रिकामं फिरतं, रिकामी भरकटते की भरल्यावरच, आणि बारा-सहा व तीन-नऊ यांपैकी कुठं चाक हललं, एवढं सांगा. जमलं तर जोडाचा फोटोही टाका, चिखल पुसून.