न्हाणीच्या चुलीत काय घालू नये

आमच्या धाकट्याने बिस्किटाचा कागद न्हाणीच्या चुलीत टाकला. आम्ही दटावले तेव्हा म्हणाला, "जळून गेला ना, मग कचरा राहिला कुठे?" त्याला बोल लावता येईना, कारण ती सवय आमचीच. आमच्या बेळगावकडे पुष्कळ घरी अजून हंड्याखाली सरपण पेटवायला दुधाची पिशवी, तुटकी चप्पल, हाताला येईल ते घालतात.

चुलीच्या आचेत प्लास्टिक पुरते जळत नाही. पीव्हीसीच्या नळीचे तुकडे किंवा रेक्झिन जळताना घसा जाळणारा वायू सुटतो आणि डायॉक्सिन नावाची विषेही तयार होतात. ती गवतावर बसतात, जनावराच्या पोटात जातात, चरबीत साठतात आणि दुधातूनही उतरतात. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून तो कळतो तरी. राखेकडे कोण पाहतो? तीच राख आपण भांड्यांना लावतो, मिरचीच्या वाफ्यावर टाकतो. चुलीत लाकूड, सोडणे, करवंट्या खुशाल जाव्यात. करवंट्या तर जाव्यातच. अंगणात उताण्या पडल्या की पावसाच्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

एवढे सांगूनही मुलांना पटेना. मग एका जुन्या कुंडीत माती भरून त्यांच्याच हाताने केळीची साल, फणसाचे पान, वर्तमानपत्राचा तुकडा, दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि तो बिस्किटाचा कागद पुरला. माती ओलसर ठेवली. दोन महिन्यांनी रविवारी उकरले. सालीचा पत्ता नव्हता, पानाच्या शिरा उरल्या होत्या, वर्तमानपत्राचा लगदा झाला होता. बिस्किटाचा कागद मात्र चित्रासकट चकचकीत निघाला. धाकटा म्हणाला, "हा कागद नव्हेच!" आपण त्याला कागद म्हणतो, तिथेच मूल फसते.

तेव्हापासून ओले परसातल्या खड्ड्यात जाते. एक घमेले ओले, वर दोन घमेली पालापाचोळा. मूठभर घेऊन दाबले तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास सुटला तर पाचोळा कमी पडला असे समजावे. मासळीची डोकी खोल पुरावीत, नाहीतर रात्री कुत्री सगळे उकरतात (आमचा अनुभव!). तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

दुधाची पिशवी फोडताना कोपरा तोडून वेगळा करू नये, लोंबता ठेवावा. तो चिमुकला तुकडा कुणाला सापडत नाही. पिशवी धुऊन, वाळवून पोत्यात ठेवावी, भंगारवाला नेतो.

फुटकी काच आणि ब्लेड वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून वेगळे द्यावे. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी मुलांना आपल्या बोटावरचा व्रण दाखवला. आता सुतळी शोधायला मुलेच पुढे धावतात.