औषध सुरू झाल्यानंतर

उच्च रक्तदाबाचे निदान झाले, वैद्यांनी औषध लिहून दिले, की उपचाराचे काम संपले असा समज सर्वत्र आढळतो. ताप किंवा खोकला यांसारख्या विकारांत औषधाचा गुण रुग्णाला स्वतःलाच जाणवतो. रक्तदाबाच्या बाबतीत बहुधा तसे होत नाही. दाब वाढल्याचे बहुतेकांना कळत नाही आणि उतरल्याचेही कळत नाही. तो आटोक्यात आला किंवा नाही हे मोजणीवरूनच ठरते. म्हणून औषध सुरू केल्यानंतरची देखरेख हा उपचाराचाच एक भाग मानावा लागतो.

सर्पगंधेचा धडा

या देखरेखीचे महत्त्व भारतात पूर्वापार माहीत असलेल्या एका वनस्पतीच्या इतिहासावरून ध्यानात येते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन आलेले अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. १९५२ साली या वनस्पतीच्या मुळापासून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि त्याचा वापर जगभर पसरला. परंतु त्याच दशकात, हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचे मन खिन्न होत असल्याची निरीक्षणेही प्रसिद्ध झाली. या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले. तथापि दाब उतरवणाऱ्या औषधाचा शरीरावर व मनावर आणखी काय परिणाम होतो, हे रुग्णाला पुन्हापुन्हा पाहिल्यानेच समजते, हा धडा कायम राहिला.

पहिले काही आठवडे

दाब उतरवणाऱ्या बहुतेक औषधांचा पूर्ण परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, औषध सुरू केल्यावर किंवा त्यात बदल केल्यावर, दाब अपेक्षित पातळीवर येईपर्यंत दर महिन्याला तपासणी करावी. तो स्थिरावल्यावर तीन ते सहा महिन्यांनी तपासले तरी चालते. सर्वसाधारण रुग्णाचा दाब १४०/९० च्या खाली असावा. हृदयविकार असलेल्यांमध्ये वरचा आकडा १३० च्या खाली आणावा, असे हे मार्गदर्शन सांगते.

समजा, एखाद्या रुग्णाचा दाब १६४/१०० होता व महिन्याने तो १४८/९२ झाला. उतार पडला म्हणून रुग्ण समाधानी होतो आणि पुष्कळदा वैद्यही तेच औषध पुढे चालू ठेवतात. वास्तविक उद्दिष्ट अद्याप दूर असते. गोळ्या नियमित घेतल्या जातात काय, आहारातील मीठ कमी झाले काय, वेदनाशामक गोळ्यांमुळे दाब चढत नाही ना, हे विचारून घेऊन मात्रा वाढवणे किंवा दुसरे औषध जोडणे आवश्यक ठरते. अनेक रुग्णांना दोन किंवा अधिक औषधे लागतात; त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

दुष्परिणामांची पारख

प्रत्येक औषधगटाच्या काही खोडी असतात. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. एनालाप्रिलच्या गटातील औषधांनी कोरडा खोकला सुरू होऊ शकतो. मूत्रल औषधांमुळे रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटण्याचा संभव असतो. उलट एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांनी पोटॅशियम वाढू शकते व क्वचित मूत्रपिंडाच्या कार्यावर ताण पडतो. यास्तव ही औषधे सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनीन, सोडियम व पोटॅशियम यांची तपासणी करून घेतात. बाजारातील काही ‘कमी सोडियम’ मिठांत पोटॅशियम असते. अशा रुग्णांनी ते वैद्यांना विचारल्यावाचून वापरू नये. एनालाप्रिल व टेल्मिसार्टन ही औषधे गरोदरपणी वर्ज्य होत.

वृद्धांना अंथरुणातून उठताना भोवळ येत असेल, तर उभे राहिल्यावरचा दाबही मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरत असल्यास पडून हाड मोडण्याचा धोका असतो.

मोजणीची रीत

मोजणी चुकीची असेल, तर तिच्यावर आधारलेला निर्णयही चुकतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी आणि लघवी करून यावे. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा. बोलू नये. पट्टा दंडाच्या मानाने लहान असल्यास आकडा खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. घरी मोजलेला दाब सहसा किंचित कमी भरतो. म्हणून तेथे १३५/८५ ही मर्यादा धरतात.

औषध सोडण्याचा मोह

आकडे ठीक येऊ लागले, की बरे झाल्याचे वाटून अनेकजण गोळ्या बंद करतात. ते आकडे औषधामुळेच ठीक आलेले असतात. औषध थांबताच बहुतेकांचा दाब हळूहळू पूर्वपदावर जातो आणि क्लोनिडीनसारखी औषधे एकाएकी सोडल्यास तो उसळतो. दुष्परिणाम असह्य असल्यास औषध बदलून घेता येते. स्वतःहून सोडू मात्र नये.

२०१७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे व जागतिक आरोग्य संघटना यांनी महाराष्ट्रासह पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे, ठरावीक क्रमाने औषध वाढवणे आणि तपासणीस न आलेल्यांना दूरध्वनी करणे यांवर त्यात भर देण्यात आला. रुग्णाला परत बोलावण्याची व्यवस्था औषधाइतकीच मोलाची आहे, ही त्यामागची दृष्टी होय.

दाब १८०/१२० वा अधिक असून छातीत दुखणे, धाप लागणे, हातापायांतील बळ जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. ही लक्षणे आकडा कमी असतानाही दुर्लक्षू नयेत. एरवी मात्र वही, गोळ्या आणि ठरलेली तारीख या तीन गोष्टी सांभाळणाऱ्या रुग्णाला पक्षाघात व हृदयविकार यांचा धोका पुष्कळच कमी करता येतो.