रूळ, वेग आणि एक क्षण
(परिसर-अभ्यास : शिक्षकांसाठी पाठ)

उद्देश : रेल्वेमार्गावरील मृत्यू टाळणाऱ्या साधनांचा परिचय करून देणे व त्यांना माणसाची साथ का लागते, हे मुलांच्या मनावर ठसविणे.

प्रस्तावना : वालीव परिसरातील पुष्कळ मुलांचे पालक वसई रोड, नायगाव किंवा नालासोपारा स्थानकातून लोकलने कामास जातात. पुलाचा फेरा चुकवून रूळ ओलांडणारी माणसे मुलांच्या पाहण्यात असतात. शिक्षकांनी विचारावे : “दूरची गाडी हळू येत आहे असे का वाटते?”

विवेचन : मोठी वस्तू समोरून येताना तिचा वेग असतो त्याहून कमी भासतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास २० मीटर धावते. १०० मीटर अंतर ती ५ सेकंदांत तोडते. हे गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे.

हाच दृष्टिभ्रम ओळखून मुंबईत वडाळा येथे २०१० च्या सुमारास एक प्रयोग झाला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगविण्यात आले. गाडी ते पट्टे झपाट्याने झाकीत येऊ लागली की तिचा खरा वेग डोळ्यांस कळतो. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या योजल्या; मधल्या शांततेने कान सावध होतो. उपाय अल्प खर्चाचे होते. तरी तेथील मृत्यू घटल्याचे आढळले.

दारातून पडण्याचा धोका टाळण्यासाठी आपोआप मिटणारी दारे असलेली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर सुरू झाली. मुंबईच्या भुयारी मेट्रोत फलाटाच्या कडेलाच दारे आहेत. गाडी थांबल्यावरच ती उघडतात.

काही मृत्यू मात्र अपघाताने नव्हे, तर असह्य दुःखामुळे ओढवतात. दुःखाचा तो आवेग बहुधा ओसरतो; तोवरचा वेळ फलाटावरील दारे मिळवून देतात. परंतु “काय झाले? बसा जरा,” हे शब्द माणसानेच बोलावयाचे असतात. शिक्षकांनी अशा घटनांचे वर्णन वर्गात करू नये. एखादा सोबती फार उदास दिसल्यास ते गुपित न ठेवता मोठ्यांस सांगावे, हे मात्र अवश्य शिकवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य साहाय्य मिळते, रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे.

स्वाध्याय :
१. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी २५० मीटर अंतर किती सेकंदांत तोडील?
२. पिवळ्या पट्ट्यांचा उपयोग सांगा.
३. पुलावरून जाण्यास किती मिनिटे अधिक लागतात, ते पालकांस विचारून लिहा.